बिनसहीचं पान

प्रिय बाबा,

'तीर्थरूप' लिहिलं की तुम्ही चिडवायचात, "मी काय तीर्थ आहो का वं, आंघोळ कराले?" म्हणून नुसतंच प्रिय. शिरसाष्टांग वगैरे त्यातच आलं असं समजा.

परवा संध्याकाळी मी आणि इरा आफ्रिकेतून परत आलो. हो बाबा, सेरेंगेटी! तुम्ही चार वर्षं मागत होतात ती सेरेंगेटी. तुम्ही जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हा कुठे आम्हाला वेळ मिळाला. काय म्हणाल याला? वरातीमागून घोडं, दुसरं काय!

आज रविवार. वॉशिंग मशीनमध्ये तिसरा लोड फिरतोय. मोजे झटकले तर बेसमेंटच्या फरशीवर तिथली राखाडी धूळ पडली, ती अजून तशीच आहे. तुमचा जावई प्रशांत ग्रोसरी आणायला गेलाय, तुमची नात इरा वर ढाराढूर झोपलीय. उद्या ऑफिस. मार्चमध्ये टीममधली निम्मी माणसं काढली, पण त्यांची कामं कोणी काढली नाहीत, ती उरलेल्यांच्या गळ्यात आहेत. लॅपटॉप उघडायचा धीर होत नाही. दमलेय मी बाबा. हे वाक्य हल्ली इतक्यांदा म्हणते की घरात कोणी वर मानही करत नाही.

तरी लिहायला बसले, ते तुमच्या रोजनिशीमुळे. तिच्यात एक पान आहे, त्यावर सही नाही. त्या पानाचं काय करायचं ते मला आजच ठरवायचंय. नाहीतर सोमवार येईल, मग मंगळवार येईल, आणि माझं पुढे ढकलणं तुमच्याइतकं कोणाला माहीत आहे?

काय वेड होतं तुम्हाला त्या रोजनिशीचं! जंगलात रेंजर होतात तेव्हा ठीक होतं, लिहावीच लागायची. किती वाजता निघालो, कुठून कुठे गेलो, काय दिसलं, कोणाचे ठसे मिळाले. खाली डावीकडे तुमची सही, उजवीकडे वरिष्ठांच्या सहीची जागा. पण रिटायर झालात, आई गेली, दर हिवाळ्यात इथे अमेरिकेत, श्रूजबरीला माझ्याकडे यायला लागलात, तरी वही सुटली नाही. बाकी सगळ्यांचे आईवडील उन्हाळ्यात येतात, तुम्ही मुद्दाम ऑक्टोबरात यायचात आणि मार्चअखेर जायचात. का? तर बर्फासाठी! जंगलात म्हणे रस्त्यावर बारीक माती चाळून पसरावी लागायची, वाघाचं पाऊल नीट उमटावं म्हणून. इथे सगळं फुकट आयतं पसरलेलं. "मने, अख्ख्या गावात माती चाळून ठेवली हाय देवानं," असं तुम्ही पहिल्या बर्फाला म्हणालात तेव्हा प्रशांत इतका हसला की कॉफी सांडली त्याची.

मग तुमची गस्त सुरू. सकाळी सातला कानटोपी, माझे जुने स्नो बूट, हातात काठी. आपली गल्ली, मग शाळेमागचं तळं, मग लायब्ररी आणि परत. समोरच्या बाईने एकदा घाबरत विचारलं होतं, तुमचे वडील काही शोधतायत का? तुम्ही तिला तुमच्या इंग्रजीत समजावून सांगितलं की तुमच्या शेडखाली कोल्हा राहतो, डाव्या मागच्या पायाने लंगडतो, त्याला त्रास देऊ नका. नंतर ती बाई रोज तुमची वाट बघायची. बॉबकॅटचं, म्हणजे इथल्या रानमांजराचं पाऊलही तुम्हीच ओळखलंत, नखं उमटली नाहीत म्हणून. त्या दिवशी जेवताना तुमचं लक्षच नव्हतं, पोळी तशीच वाळली ताटात.

आणि सही? तुमच्या वहीत सहीची जागा रिकामी राहिलेली तुम्हाला खपायची नाही. दहा वर्षांच्या इराला समोर बसवून म्हणालात, "आजपासून तू माझी डीएफओ." तिने विचारलं, "व्हॉट्स दॅट?" तुम्ही म्हणालात, "युवर आजोबाज बॉस." झालं! दर शनिवारी पॅनकेक खाता खाता डीएफओ मॅडम जांभळ्या पेनने आठवड्याच्या सगळ्या पानांवर सह्या करायच्या. कधी शेराही मारायच्या, 'लुक्स गुड आजोबा, मोर टर्कीज प्लीज.' सहा हिवाळे हा कार्यक्रम चालला. पोरीला मराठी वाचता येत नाही, हे तुम्हालाही माहीत होतं आणि मलाही.

आता आफ्रिकेचं.

तुम्ही माझ्याकडे आयुष्यात दुसरं काही मागितल्याचं आठवत नाही. "मने, मले काही नको. एकदा ते सेरेंगेटी दाखव." पहिल्या वर्षी माझं प्रॉडक्ट रिलीज होतं. दुसऱ्या वर्षी ग्रीन कार्डची भानगड, वकील म्हणाला देशाबाहेर पाऊल टाकू नका. तिसऱ्या वर्षी काय होतं, ते मला आज आठवतही नाही बाबा! काहीतरी होतं एवढं नक्की. चौथ्या वर्षी तुमचा गुडघा. दर वेळी तुमचं एकच, "तुले टाइम नसन तं राहू दे." रागावला असतात तर मी केलं असतं. तुम्ही समजूतदारपणा दाखवलात, आणि मी त्याचा फायदा घेतला.

मला वाटायचं तुम्हाला सिंह बघायचेत. जन्मभर वाघ बघितले, आता सिंह. सगळ्यांना तेच सांगायचे मी. मंडळाच्या गणपतीत कोणीतरी म्हणालं, आफ्रिका कशाला, काकांना अलास्का क्रूझवर न्या, तर मी हसून म्हटलं, नाही हो, बाबांना सिंह हवाय.

पण तुम्ही सांगितलं होतंत. एकदाच. आपण गाडीत होतो, शनिवारची गर्दी, मला पार्किंग मिळत नव्हतं. तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "ट्रेनिंगले होतो तेव्हा एक साहेब आले होते, त्यायनं भिंतीवर स्लाइडी दाखवल्या. सेरेंगेटी. कोसच्या कोस गवत अन् जनावरं, माणूस एक नाही. म्हणाले, जंगल असं पाहिजे. तिथं खरंच कोणी राहत नव्हतं का, एवढंच पाहाचं हाय मले." मी म्हटलं, "हं." समोर एक गाडी निघत होती, मी तिकडे बघत होते.

यंदा इराचं हायस्कूल ग्रॅज्युएशन झालं. सप्टेंबरात ती कॉलेजला जाईल. मे महिन्यात एक दिवस ती माझ्या लॅपटॉपचं झाकण बंद करून म्हणाली, "आई, आजोबांचं आफ्रिका दिस समर नाही केलं ना, तर आपण नेव्हर करणार. आय नो यू."

"अगं, आत्ता सुट्टी मिळणं..."

"यू सेड दॅट टू हिम टू."

प्रशांतच्या ऑफिसात परिस्थिती आमच्याहून वाईट, त्याने हलायचं नाही असं ठरलं. मायलेकीच निघालो. विमानात इराने सॅकमधून तुमची वही काढली. माझ्या कपाटातून तिने कधी घेतली, मला पत्ता नाही. दोन वर्षं मी ती उघडली नव्हती. तुमचं अक्षर बघायची हिंमत नव्हती, खरं सांगते. तिने शेवटाकडचं एक पान उघडलं आणि बोट ठेवलं. इतर पानांपेक्षा लांबलचक लिहिलेलं, आणि उजवीकडे कोपऱ्यात काही नाही.

"दिस इज द ओन्ली वन आय डिडन्ट साइन. त्या वीकचं हे एकच पान आहे, मी स्कीइंगला गेले होते. फेब्रुवारी ब्रेक. मग मी परत आले अँड ही वॉज इन द हॉस्पिटल." मग वही माझ्याकडे सरकवून म्हणाली, "वाच ना. व्हॉट डझ इट से?"

मी म्हटलं, तिथे गेल्यावर वाचू, डोळे मिटतायत माझे. मिटत होते हे खरंच, पण आजोबांचं शेवटचं पान विमानात, अनोळखी माणसांमध्ये वाचायचं नव्हतं मला. मी आधीची पानं वाचून दाखवली. खारी पाच, ससा एक, टर्की नऊ, पैकी एक लबाड. लबाड टर्की म्हणजे काय हो बाबा? आम्ही दोघी इतक्या हसलो की पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला.

सेरेंगेटी तुम्ही गाडीत सांगितलंत तशीच आहे. एक मोठं विवर, त्याच्या काठावरून गाडी खाली उतरते आणि मग नुसतं गवत. किती? डोळे थकतात इतकं! आमचा गाइड लेमायान, तिशीतला मसाई मुलगा, उंच, फार कमी बोलणारा. त्याने सांगितलं की सेरेंगेटी हा शब्दच त्यांच्या भाषेतला आहे, न संपणारं मैदान. पहिल्या दिवशी हत्ती, दुसऱ्या दिवशी झाडावर बिबट्या, सिंहिणी तर रस्त्याच्या कडेला मांजरासारख्या पसरलेल्या. वायरलेसवर बातमी आली की पंधरा-वीस गाड्या धुरळा उडवत धावायच्या. एका गाडीत आपलीच मंडळी होती, पुण्याची असावीत, यादी हातात घेऊन एकेका प्राण्यावर काट मारत होती. मी बघत होते, फोटो काढत होते, आणि मनात सारखं येत होतं की हे कोणाच्या वाट्याचं मी बघतेय? मजा आली नाही बाबा. चांगलं होतं सगळं, पण मजा आली नाही.

तिसऱ्या दिवशी लेमायान आम्हाला मोरू नावाच्या, गेंडे राखलेल्या भागात घेऊन गेला. गवतातून मोठमोठे खडक वर आलेत, टेकाडांएवढे. तिथे खाली उतरता येतं. एका खडकाच्या आडोशाला भिंतीवर चित्रं आहेत, लाल, पांढरी, काळी. ढाली, माणसं, जनावरं. मला वाटलं आदिमानवाची असतील. लेमायान म्हणाला, नाही, आमच्या तरुण पोरांनी काढलीत. गुरं घेऊन यायचे, इथे मांस भाजून खायचे, पावसात बसून राहायचे. "माझ्या आजोबांचे वडील इथलेच," असं त्याने अगदी साधेपणाने सांगितलं, जणू शेजारची गल्ली दाखवतोय.

जवळच एक मोठा धोंडा आहे, त्याला वाटीसारखे खळगे पडलेत. लहान दगडाने ठोकलं की घंटेसारखा वाजतो. इराने वाजवला, मी वाजवला. लांबपर्यंत आवाज गेला. मी विचारलं, "मग तुमचे लोक गेले कुठे?"

तो म्हणाला, "वरती, त्या विवराच्या बाजूला. पार्क झालं तेव्हा सांगितलं की इथून उठा, तिकडे पाणी देऊ, चारा देऊ. आमच्या वडीलधाऱ्यांनी कागदावर खुणा केल्या. कागदात काय होतं, ते त्यांना वाचता येत नव्हतं. आमच्या घरी असंच सांगतात."

तुमचा प्रश्न मला तेव्हा, तिथे ऐकू आला, पार्किंगमधला. राहत होते बाबा! माणसं राहत होती तिथे. तुमच्या त्या साहेबांच्या स्लाइडीत दिसत नव्हती, एवढंच.

मी तुमचं वकीलपत्र घेतल्यासारखं विचारलं, "पण गेंडे वाचले ना? हे सगळं राहिलं ना त्यामुळे?"

"वाचले की! माझा चुलतभाऊच राखतो त्यांना, त्या खडकांमागे चौकी आहे त्याची." मग म्हणाला, "दोन्ही खरं आहे, मॅडम. पाहुण्यांना एकच हवं असतं. तुम्ही आलात म्हणून मला इथे यायला मिळतं. माझे वडील कधी आलेले नाहीत."

इरा खडकाला टेकून बसली होती. तिने वही काढून माझ्यापुढे धरली. "नाउ," एवढंच म्हणाली. मी तिथे, त्या चित्रांखाली बसून ते पान वाचलं, मोठ्याने, मग इंग्रजीत करून. तुम्हाला तुमचं लिहिलेलं ठाऊक आहेच, तरी उतरवते. माझ्या हाताने एकदा लिहायचंय मला.

"सकाळी ७.१० ला निघालो. लायब्ररीपर्यंत व परत. जुना बर्फ, वरून ऊन. खारी ३. आज एक जुनी नोंद करावयाची आहे, ती त्या वेळी केली नाही. बोरदाखेडा गावाचे पुनर्वसन माझ्या हातून झाले. गावकरी मोतीलाल यांनी विचारले, साहेब, घर डोक्यावर नेऊ, देव कसा नेऊ? त्यांचा देव म्हणजे झाडाखालचे दगड, ते जागा सोडत नाहीत. मी शब्द दिला की देव तिथेच राहील आणि दरवर्षी पूजेला गेट उघडे मिळेल. लेखी दिले नाही. लेखी मागितले असते तर वरून नामंजूर झाले असते, हे मला ठाऊक होते. माझ्या शब्दावर गाव उठले. पुढील वर्षी माझी बदली झाली. गेटवर त्यांना कागद विचारला, कागद नव्हता. मोतीलाल माझ्या घरी तीन वेळा आले. मी भेटलो नाही. चूक माझी. परतताना ठसे काही नाहीत, बर्फ वितळला आहे."

खाली तुमची सही. उजवीकडे मोकळी जागा.

खारी मोजून लिहिणारा माणूस, बाबा! टर्कीच्या लबाडीचीसुद्धा नोंद ठेवणारा माणूस. आणि एका अख्ख्या गावाला दिलेला शब्द तेवढा वहीत नाही?

आम्हाला तुम्ही बोरदाखेड्याची दुसरी गोष्ट सांगायचात. गाव उठलं आणि दोन वर्षांत तिथल्या खळ्याच्या जागी वाघिणीची पावलं उमटली, शेजारी पिल्लांची. ही गोष्ट इराला तोंडपाठ आहे. सांगताना तुमचा आवाज भरून यायचा, आणि मी समजायचे की हा अभिमान आहे. अभिमान होताच, तो खोटा नव्हता. पण त्याच खळ्याच्या बाजूला ते झाड होतं, ते दगड होते, हे कधी बोलला नाहीत.

आणि आता माझं. हे मी इराला तिथेच सांगितलं, तुम्हालाही सांगते, जरी तुम्ही तेव्हा घरातच होतात. माझं लग्न ठरलं होतं, व्हिसाची धावपळ चालू होती. अमरावतीच्या घरी दुपारी बेल वाजली. दारात एक माणूस, पायात धुळीने भरलेल्या चपला, हातात चारोळ्यांची पुरचुंडी. "साहेब हायेत का?" तुम्ही आतून हाताने नाही म्हणून खुणावलंत आणि देवघरात जाऊन बसलात. मी बाहेर येऊन म्हटलं, "बाबा दौऱ्यावर आहेत." तो म्हणाला, "मग बसतो थोडा." ओट्यावर दोन तास बसला बाबा! मी त्याला पाणी दिलं, एवढंच. जाताना पुरचुंडी माझ्या हातात देऊन गेला. त्या चारोळ्या आईने माझ्या केळवणाच्या श्रीखंडात घातल्या. मला वाटलं होतं, असेल कोणी काम घेऊन चकरा मारणारा.

इराने वही माझ्या हातातून घेतली. मग म्हणाली, "आई, सो यू लाइड टू हिम, अँड आय साइन्ड स्टफ आय कुडन्ट रीड." तिने जांभळं पेन काढलं होतं, खास आणलं होतं बरोबर, आजोबांची राहिलेली सही करायला. टोपण उघडून बसली, पानाकडे बघत. आणि परत लावलं. "आय कान्ट साइन दिस वन. आय'म नॉट द बॉस ऑफ दिस."

लेमायानला काय कळलं कोण जाणे. त्याने विचारलं, वडिलांची वही का? मी हो म्हटलं. तो म्हणाला, चला, ऊन वाढलं. परतीच्या वाटेवर लांब झाडांच्या रेषेत त्याने एक गेंडा दाखवला, दुर्बिणीतून ठिपक्याएवढा. मी तुमच्यासाठी म्हणून नीट बघितला.

रागही आलाय मला तुमचा. लपवत नाही. अमरावतीहून ते नवं वसवलेलं गाव बसने किती लांब? तीन तास? त्यासाठी आफ्रिका कशाला हवी होती? घाबरलात ना? मोतीलालच्या दारात जाणं जमलं नाही म्हणून जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघायचं होतं की दुसऱ्यांनीही असंच केलं का! वाघासमोर पायी उभे राहिलात, आणि चारोळ्या घेऊन आलेल्या माणसाला घाबरलात.

मी कोणत्या तोंडाने बोलू पण? मीही तुमच्यावरच गेलेय. जवळचं टाळायचं आणि लांबचे बेत करायचे. त्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही मला दोनदा म्हणालात, "मने, बस जरा, एक गोष्ट सांगाची हाय." मी दोन्ही वेळा मीटिंगमध्ये होते. कानात ते यंत्र, हाताने खूण, नंतर. तुम्ही मला खुणावलं होतंत तशीच खूण, बाबा! मग तुम्ही वहीत लिहिलंत, जिच्यावर वाचता न येणारी पोरगी सही करणार होती, आणि तीही घरी नव्हती. एका घरात राहून तुम्हाला ऐकायला कोणी मिळालं नाही, याची लाज वाटते मला.

तुम्हाला वाईट ठरवायला हे पत्र लिहीत नाही. आजकाल सगळ्यांना सगळ्यावर एका वाक्यात निकाल द्यायचा असतो, त्याचाही कंटाळा आलाय मला. वाघीण खरी आहे, तिची पिल्लंही खरी. ती तुम्ही राखलीत. पण दुसरं पान बिनसहीचं आहे, आणि ते आता माझ्याकडे आलंय.

ड्रायरची घंटा वाजली. प्रशांतची गाडीही आली वाटतं. आवरतं घेते.

ठरलंय बाबा. मार्चमध्ये, मोहाची फुलं पडायच्या दिवसांत, मी जाणार. सुट्टी एकही उरलेली नाही, बिनपगारी घेईन. नाही दिली तर तेव्हाचं तेव्हा बघू. उद्या सकाळी लॅपटॉप उघडल्यावर पहिली मेल तीच. इरा म्हणतेय तिचा स्प्रिंग ब्रेक तेव्हाच असतो, ती येणार. बोरदाखेड्याचे लोक आता जिथे राहतात ते गाव शोधेन. मोतीलालकाका असतील का? असतील तर सत्तरीच्या घरात असतील. ते नसतील तर त्यांच्या घरचं कोणीतरी असेल. त्यांना ते पान वाचून दाखवेन, सगळं, 'चूक माझी' सकट. मग त्यांना काय हवंय ते विचारेन, आधी ठरवून जाणार नाही. पूजेसाठी अर्ज करायचा असेल तर मी बसून लिहीन, तुमचं पान त्याला जोडेन. उशिरा का होईना, कागद आहे.

सही मी करणार नाही, इराही नाही. त्या पानावरचे तुमचे वरिष्ठ मोतीलालकाका. त्यांना वाटलं तर करतील, नाही वाटलं तर जागा तशीच राहील, त्याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही.

आणि त्यांच्या नातीने दारात येऊन सांगितलं की आजोबा घरी नाहीत, तर मी म्हणेन, मग बसते थोडी. चारोळ्या इथे मिळत नाहीत, अमरावतीला घेईन. पुरचुंडी मांडीवर ठेवून ओट्यावर बसून राहीन.

तुमची,
मनू